गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगेरा

भुंगेरा दिसला कीं तो पिकाचा वैरी, असा आपला समज असतो. आणि द्राक्षावरील उडद्याचा उपद्रव ज्यांनीं सोसला आहे, त्यांस तो चुकीचा वाटणार नाहीं. परंतु त्याच पानें खाणाऱ्या कुळांतील एक परदेशी भुंगेरा नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या उपयोगाचा आहे. ओळख नसल्यास तोच औषधाच्या फवाऱ्यांत मारला जाण्याचा संभव असतो.

गाजरगवत मूळचें अमेरिका खंडांतील. आपल्या देशांत तें १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम लक्षांत आलें. एका झाडाला हजारों बीं धरतें. त्याच्या संसर्गानें अंगास खाज सुटते व परागांनीं दम्याचा त्रास होतो. त्याचे मूळ देशांतील शत्रु मात्र त्याच्याबरोबर आले नाहींत, म्हणून तें येथें बेसुमार फोफावलें. ही उणीव भरून काढण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं मेक्सिकोंतून झायगोग्रामा बायकलोराटा हा भुंगेरा बंगळूर येथें आणला व पारखून १९८४ सालीं मोकळा सोडला.

हा सुमारें ६ मिलिमीटर लांब असून त्याच्या मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी उभ्या रेषा असतात. मादी बहुधा पानांच्या खालच्या बाजूस अंडीं घालते. अळ्या कोंवळे शेंडे व कळ्या खातात. त्यामुळें झाड खुंटतें व बीं कमी धरतें. वाढलेली अळी मातींत कोष करते. एक पिढी पुरी होण्यास सुमारें महिना लागतो. पाऊसकाळ सरल्यावर भुंगेरे जमिनींत निजून राहतात व पुढील पावसाबरोबर वर येतात.

१९९१ च्या सुमारास कर्नाटकांत हा सूर्यफुलावर आढळला, तेव्हां मोठी काळजी उत्पन्न झाली. सूर्यफूल पेरणाऱ्या लातूरकडील शेतकऱ्यांसही ती शंका येणें साहजिक आहे. तपासाअंतीं दिसलें कीं, पानांवर गाजरगवताचे पराग पडले असतां तो तीं कुरतडतो. म्हणून सूर्यफुलाच्या शेतांतील व बांधावरील गाजरगवत फुलण्यापूर्वींच, हातांस संरक्षण घेऊन, उपटावें.

गायरानांत व रस्त्याच्या कडेस मात्र या मित्रास काम करूं द्यावें. परभणीचें कृषि विद्यापीठ हे भुंगेरे वाढवून शेतकऱ्यांस पुरवीत आलें आहे. पावसाळ्यांत गवत कोंवळें असतांना ते सोडावे व तेथें कीटकनाशक फवारूं नये. एका हंगामांत गवत नाहींसें होईल अशी आशा धरूं नये. पण पाठीवरच्या रेषा ओळखून हात आवरला, तर बिनमजुरीचा गडी दरवर्षीं पावसाबरोबर कामावर हजर होईल.