६ गुणसूत्रांचं भेकर

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघाचा सुगावा लागला की भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. हे हरीण दिसायला शेळीएवढं, पण सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी गुणसूत्रं त्याचीच. मादीत ६, नरात ७! वुर्स्टर आणि बेनिर्श्के या शास्त्रज्ञांनी १९७० साली हे जगापुढे मांडलं. त्याच्या चिनी भाऊबंदात मात्र ४६ आहेत, थेट माणसाइतकी.

मग भेकराची बाकीची गेली कुठे? कुठेच नाही. पातळ पुस्तकं एकत्र बांधून जाडजूड खंड करावा, तशी ती एकमेकांना जोडली गेली. जनुकं बहुतेक तीच राहिली.

माणसातही हे घडतं. साधारण हजारात एकाची दोन गुणसूत्रं अशी चिकटलेली असतात. समजा, १४ आणि २१ क्रमांकाची. मोजली तर ४५ भरतात, तरी माणूस ठणठणीत. जोडताना दोन्हींचे आखूड तुकडे गळतात, पण त्यांवरच्या कामाच्या जनुकांच्या प्रती इतर गुणसूत्रांवरही असतात.

घोळ होतो तो वाटणीत. बीजांड किंवा शुक्राणू घडताना जोड्या जुळतात आणि फुटतात. इथे जोडलेलं एक आणि सुटी दोन, असं त्रिकूट जमतं. जोडलेलं एकीकडे व सुटी दोन्ही दुसरीकडे गेली, तर हिशोब चोख. जोडलेल्याबरोबर सुटं २१ही गेलं, तर बाळाच्या वाट्याला २१च्या तीन प्रती येतात, म्हणजेच डाउन सिंड्रोम. आई वाहक असेल तर ही शक्यता सुमारे १० ते १५ टक्के, वडील असतील तर जेमतेम एखाद टक्का. बाकीच्या चुकलेल्या वाटण्यांत गर्भ बहुधा टिकतच नाही.

भेकर यातून तरलं कसं? आई-बाप दोघांकडूनही तीच जोडणी आली, की तिला तोडीस तोड जोडीदार मिळतो आणि वाटणी पुन्हा सुरळीत होते.

गडचिरोलीत सिकलसेलची रक्ततपासणी ओळखीची आहे. पण तिच्यात गुणसूत्रांची जोडणी दिसत नाही. त्यासाठी कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा तक्ता, करावा लागतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन-तीन दिवस वाढवायच्या, ऐन विभाजनात रोखायच्या, रंगवायच्या. पेशी अशी रोखून धरणारं कोल्चिसिन कळलावीच्या कंदातही असतं. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या कॅरिओटाइपमध्ये जोडलेलं गुणसूत्र आढळलं, तर आई-वडिलांचाही करून घ्यावा. पुढच्या बाळाला किती धोका आहे, हे त्यावरूनच कळतं.