भिंतीपलीकडचा माणूस

विलेपार्ल्याच्या आकाशात विमानांची घरघर सतत चालू असते. विमानतळ अगदी शेजारीच असल्यामुळे ती पार्लेकरांच्या अंगवळणी पडली आहे. धुके असो वा काळोखी रात्र, विमान कोठे आहे हे विमानतळावरील अधिकाऱ्यांस रडारमुळे कळते. रडार रेडिओ-लहरी सोडते. त्या विमानावर आपटून परततात आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते.

हेच यंत्र आता काडेपेटीएवढे होऊन घरात आले आहे. अशा काही रडारांच्या लहरी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या असतात. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात इतक्याच आखूड लहरींवर प्रयोग केले होते!

पार्ल्यातील एखाद्या घरी दुपारी आजी एकटीच असते, असे समजा. ती पाय घसरून पडली, तर कामावर गेलेल्या मुलास कसे कळावे? चोवीस तास कॅमेऱ्यासमोर वावरणे कोणास रुचेल? रडारला चेहरा दिसत नाही. माणूस उभा आहे की जमिनीवर पडला आहे, एवढे मात्र त्याला समजू शकते.

परंतु येथे एक घोटाळा होतो. आजी रडारपासून ३ मीटरांवर उभी आहे. लहर सरळ जाऊन सरळ परतली, तर ६ मीटरांचा हा प्रवास सेकंदाच्या पाच कोटीव्या भागात पुरा होतो. पण काही लहरी आजीच्या अंगावरून २ मीटरांवरील लोखंडी कपाटावर आपटतात आणि तेथून ३ मीटर येऊन रडारला भेटतात. हा प्रवास ८ मीटरांचा झाला. रडारला ही आडवाट ठाऊक नसते. ते सरळ निम्मे करते आणि कपाटाच्या दिशेला ४ मीटरांवर, म्हणजे भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात, दुसरा माणूस दाखविते! अभियंते या खोट्या आकृतीस 'भूत' म्हणतात. आजीला सोबत आहे असे समजून यंत्र स्वस्थ बसले, तर केवढा अनर्थ!

रिकाम्या खोलीचे परावर्तन आधी नोंदवून ते वजा केले, तर कपाट आणि भिंती नाहीशा होतात. भूत जात नाही, कारण ते आजीबरोबर हालते. म्हणून यंत्रास खोलीच्या सीमा सांगतात, म्हणजे भिंतीपलीकडचे सारे ते सोडून देते. सीमेच्या आत पडणारी भुते ओळखणे अधिक अवघड असते. खरा माणूस दारातून येतो आणि पावलापावलाने पुढे सरकतो. भूत एकाएकी उगवते, आजी थोडी वळताच मावळते, आणि त्याचा प्रतिसादही बहुधा क्षीण असतो. दोन कोपऱ्यांत दोन रडारे लावली, तर आजीची जागा दोन्ही एकच सांगतात. भुताच्या जागेविषयी मात्र त्यांचे सहसा एकमत होत नाही.

तरीही घाई करून चालत नाही. शाळेतून आलेला नातू आजीच्या मागे मागे, तिच्याच चालीने चालू लागला, तर तोही भुतासारखाच दिसेल. म्हणून चांगले यंत्र त्याला लगेच खोडून टाकीत नाही; थोडा वेळ वाट पाहते. आजी खुर्चीवर बसते, नातू मात्र चेंडू घेऊन दाराकडे पळतो, आणि मग यंत्र घरात दोन माणसे मोजते.