वाऱ्याच्या जिल्ह्यांत गॅस कशाला?

नैसर्गिक वायूची बाजू मांडताना दोन मुद्दे हटकून येतात. तेवढ्याच विजेमागे कोळशाच्या जवळजवळ निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो, हा पहिला. वारा पडला, ऊन उतरले की गॅसवरचे संच झटपट चालू करता येतात, हा दुसरा. सातारा-सांगलीत हा दुसरा मुद्दा लंगडा पडतो. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर आणि ढालगावच्या माळावर पवनचक्क्या आहेत; त्या थांबल्या तर काही मिनिटांत वीज द्यायला सुमारे 1,960 मेगावॉटची कोयना आहे. कोयनेचे पाणी अमर्याद नाही, हे खरे. कृष्णा पाणीवाटप लवादाने विजेसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीचीच मुभा दिली आहे. तरी ती उणीव गॅसने भरण्याआधी घाटापलीकडचे दाभोळ आठवावे. एन्रॉनने उभारलेला तो वीजप्रकल्प परवडणाऱ्या गॅसअभावी वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिला. देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस बाहेरून येतो, आणि 2022 मध्ये युक्रेन युद्धाने त्याचे भाव कुठे नेले ते सर्वांनी पाहिले.

मग 2018 मध्ये नियामक मंडळाने या दोन जिल्ह्यांत शहर गॅस वितरणाचा परवाना दिला, तो वाया गेला का? नाही. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतल्या भट्ट्या आणि बॉयलर यांना सलग, कडक उष्णता लागते. तिथे फर्नेस ऑइल किंवा कोळशाऐवजी गॅस आला तर धूर लगेच कमी होतो. स्वयंपाकघरातला पाइप मात्र सिलिंडरची जागा घेतो, कोळशाची नव्हे. तिथे सोय मोठी, हवामानाचा लाभ किरकोळ.

या पाइपांचे खरे मोल ते कशाने भरतात यावर ठरेल, आणि इथे ऊसपट्ट्याचे पारडे जड आहे. गाळलेल्या उसामागे साधारण साडेतीन टक्के प्रेसमड निघते आणि सुमारे 25 टन प्रेसमडपासून एक टन शुद्ध बायोगॅस मिळतो. म्हणजे दहा लाख टन गाळणारा एक कारखाना हंगामाला 1,400 टनांच्या आसपास गॅस देऊ शकेल. मिथेनची गळती झाली तर सगळा फायदा उडून जातो, हा आक्षेप गंभीर आहे: वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक तापवतो. त्यामुळे गळतीची तपासणी कागदावर ठेवून चालणार नाही. पण प्रेसमडचे ढीग उघड्यावर कुजतात तेव्हाही मिथेनच हवेत जातो, आणि तो कोणाच्या हिशेबात धरला जात नाही. प्रेसमड खत म्हणून शेतात जाते, ते बंद होईल, ही शेतकऱ्याची शंकाही रास्त. मात्र गॅस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यात नत्र आणि स्फुरद टिकून असतात, फक्त तो सभासदाच्या बांधापर्यंत पोचवण्याचा खर्च करारात आधीच लिहून घ्यायला हवा. गॅस वितरकांनी बायोगॅस मिसळण्याची केंद्राची सक्ती 2025-26 मध्ये 1 टक्क्याने सुरू होऊन 2028-29 पासून 5 टक्क्यांवर जाणार आहे. इथेनॉलप्रमाणेच ठरलेले गिऱ्हाईक असण्याची ही संधी साखर कारखान्यांना मिळते आहे.