दोन बादल्या आणि एक झाकण

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेख मागितला, तेव्हा लसीकरण किंवा बालकांचा आहार यांपैकी एखाद्या विषयावर मी लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र मोटार धुण्याच्या बादल्यांवर लिहायचे ठरविले आहे. बालरोगतज्ज्ञाने हा विषय का निवडावा, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल. तोवर थोडा धीर धरावा, ही विनंती.

काही वर्षांपूर्वी मी गडद निळ्या रंगाची नवी गाडी घेतली. हौसेने पहिले तीन महिने ती मीच धुतली. एक बादली, कपडे धुण्याची चिमूटभर पावडर आणि जुन्या सुती बनियनचे मऊ फडके एवढे साहित्य मला पुरेसे वाटत असे. एके दिवशी दुपारच्या उन्हात बॉनेटकडे पाहिले, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या. दोष साहजिकच मी रस्त्यावरच्या धुळीला दिला. पुढे कळले की, धूळ रस्त्यावरची असली, तरी ती रंगावर घासणारा हात माझाच होता.

ओरखडा पडतो कसा?

आजच्या मोटारींच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. चकाकी त्याचीच. त्याची जाडी साधारणतः चाळीस ते पन्नास मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. धुळीतील वाळूचा कण बहुधा गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा असतो. कठिणतेच्या मोह्स मापनात गारेचा क्रमांक सात आहे. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास आणि आपले नख अडीचच्या जवळपास. मोटारीवरचा थर तर काचेपेक्षा पुष्कळच मऊ. असा कण फडक्याखाली सापडला आणि आपण जोराने पुसले, की तो पॉलिश कागदाचे काम चोख बजावतो.

हे ओरखडे उन्हात वर्तुळाकार दिसतात, म्हणून गोल गोल पुसल्यानेच ते पडतात असा समज आहे. वस्तुतः ते सर्व दिशांना असतात. प्रकाशाच्या किरणांना आडवे असलेले तेवढे चमकतात आणि डोळ्यांना वर्तुळाचा भास होतो. पॉलिश करून ते घालविता येतात; परंतु पॉलिश म्हणजे त्या पातळ थराचे आणखी काही मायक्रॉन खरवडून काढणे. दाताचे इनॅमल जसे पुन्हा उगवत नाही, तसा हा थरही पुन्हा येत नाही. म्हणून येथेही उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेयस्कर.

व्यवसायबंधूंना सेमेलवाइसची आठवण करून देण्याची गरज नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्याने दाखवून दिले की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतीसाठी येणारे हातच बाळंतिणींकडे मृत्यू घेऊन जात होते. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मोटारीचा प्रश्न त्यापुढे क्षुल्लक आहे. परंतु सूत्र तेच. स्वच्छ करणारा हात आणि त्यातील साधन स्वच्छ नसेल, तर स्वच्छता हीच इजा ठरते. एकाच बादलीत फडके बुडवून पिळणे आणि त्याच पाण्याने पुढचा भाग पुसणे म्हणजे एका रुग्णाच्या जखमेवरचा बोळा दुसऱ्याच्या जखमेवर फिरविणे होय.

बादल्यांची निवड

यावरचा उपाय सोपा व स्वस्त आहे. एका बादलीत शाम्पूचे पाणी घ्यावे, दुसरीत केवळ साधे पाणी. फडके शाम्पूच्या पाण्यात बुडवावे, गाडीचा एक भाग धुवावा, साध्या पाण्यात ते खळखळून पिळावे आणि मगच पुन्हा शाम्पूकडे न्यावे. मळ दुसऱ्या बादलीत राहतो, पहिली स्वच्छ राहते.

बादल्या पंधरा ते वीस लिटरच्या घ्याव्यात; पाणी मात्र प्रत्येकीत दहा लिटरच भरावे. वर जागा मोकळी राहिली, की खळखळताना पाणी सांडत नाही. दोन्हींचे रंग वेगळे असावेत, म्हणजे गफलत होणार नाही. साध्या पाण्याची बादली फिक्या रंगाची असल्यास उत्तम. तळाशी साचलेला मळ डोळ्यांना दिसतो. चाकांसाठी तिसरी लहान बादली आणि वेगळे फडके ठेवावे, कारण ब्रेकची झीज होऊन उडणारी लोखंडी भुकटी चाकांवरच बसलेली असते. ते फडके रंगाला कधीही लावू नये.

‘मोटारीसाठी खास’ म्हणून मिळणाऱ्या बादल्यांची किंमत ऐकून मी दुकानातून परतलो होतो. आपल्या इंदूरात सियागंज-राणीपुरा भागात फिरल्यावर साध्या बादल्या त्याच्या अंशमात्र किमतीत मिळाल्या. त्याहून स्वस्त आणि माझ्या मते अधिक चांगला पर्याय म्हणजे भिंतीच्या रंगाचे वीस लिटरचे रिकामे डबे. रंगाऱ्याकडे किंवा भंगारवाल्याकडे ते सहज मिळतात. ते भक्कम असतात, त्यांच्या भिंती न्हाणीघरातल्या बादलीपेक्षा सरळ असतात आणि त्यांना घट्ट झाकण असते. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचाच डबा घ्यावा व आतील सुकलेले पापुद्रे पूर्ण काढावेत. अन्यथा तेच फडक्यात अडकून ओरखडे पाडतील. झाकण मात्र आठवणीने मागून घ्यावे. का, ते पुढे सांगतो.

जाळी, फडकी आणि शाम्पू

साध्या पाण्याच्या बादलीत तळापासून तीन-चार बोटे वर राहणारी प्लास्टिकची जाळी बसवावी. इंग्रजीत तिला ग्रिट गार्ड म्हणतात. फडके जाळीवर घासले, की कण खाली बसतात आणि जाळीखालच्या पट्ट्यांमुळे पाणी फारसे घुसळले जात नाही. विकत घेताना बादलीचा तळाकडचा आतील व्यास मोजून जावे. पुष्कळ जाळ्या सुमारे सव्वीस सेंटिमीटरच्या असतात आणि निमुळत्या बादलीत त्या मध्येच अडकतात. जाळी न मिळाल्यास स्वयंपाकघरातील जाड प्लास्टिकची चाळणी पालथी घालूनही काम भागते. मात्र ती तरंगू नये एवढी घट्ट बसावी आणि तिच्या कडा टोकदार नसाव्यात.

पहिल्यांदा जाळी वापरली त्या दिवशी मी पाणी सावकाश ओतून तळ पाहिला. बोटाला खरखरीत लागणारी काळसर वाळू सुमारे चमचाभर निघाली. ही सारी पूर्वी माझ्या फडक्यात असे!

स्पंज टाळावा; त्याच्या सपाट तोंडावर कण अडकून रंगावर घासले जातात. त्याऐवजी मायक्रोफायबरचा लांब धाग्यांचा हातमोजा घ्यावा. त्याच्या धाग्यांमध्ये कण आत ओढले जातात. पुसण्यासाठी मायक्रोफायबरचे दोन मोठे जाड पंचे पुरेत. हे कापड सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, त्याला कपडे मऊ करणारे द्रावण लावू नये आणि ते सावलीत वाळवावे. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा धुतल्यावाचून गाडीला लावू नये. शस्त्रक्रियागृहात खाली पडलेल्या चिमट्याला जो नियम, तोच येथे.

कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते. भांड्यांचा साबण गाडीवरचे मेणाचे आवरण उतरवितो. उदासीन पीएचचा मोटारीचा शाम्पू बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात घ्यावा. त्याचा बुळबुळीतपणा कण आणि रंग यांच्यामधील घर्षण कमी करतो, हा त्याचा मुख्य गुण.

धुण्यापूर्वी झाडांवर फवारणी करण्याच्या छोट्या हातपंपाने गाडी पूर्ण भिजवून पाच मिनिटे थांबावे, म्हणजे सुटी धूळ आपोआप ओघळते. सकाळी सावलीत, छतापासून खाली, सरळ रेषेत आणि हलक्या हाताने धुवावे. दरवाजांच्या खालचा भाग सर्वांत शेवटी. साबण उतरविण्यासाठी पुन्हा स्वच्छ पाणी ओतावे आणि ते वाळण्यापूर्वी पंचाने टिपून घ्यावे; जड पाण्याचे डाग वाळल्यावर हटता हटत नाहीत. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे मात्र सर्वथा वर्ज्य.

माझ्या साऱ्या साहित्याचा खर्च अर्धी टाकी पेट्रोलपेक्षा अधिक झाला नाही. पाणी तीस-पस्तीस लिटर लागते. मोकळी सोडलेली नळी एवढे पाणी तीन-चार मिनिटांत संपविते. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून, पंपांनी घाट चढवून आपल्या नळाला येते, हे स्मरणात ठेवलेले बरे.

एकच फडके, वीस गाड्या

आमच्या वसाहतीत पहाटे एक तरुण गाड्या पुसायला येतो. एक बादली, एक फडके, वीस गाड्या. मी त्याला रागावण्याच्या तयारीत होतो. तोच हसून म्हणाला, “साब, सबने मिलकर एक ही बाल्टी दी है।” मी निरुत्तर झालो. २०१७ पासून सलग सात वर्षे देशातील स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक मिळविणाऱ्या गावचे आम्ही नागरिक. आणि ज्याच्या हातून आमची स्वच्छता होते, त्याच्या हाती धड साधन देण्याचे आम्हांला सुचले नव्हते. आम्ही वर्गणी काढली. आता त्याच्याकडे दोन डबे आहेत, जाळी आहे आणि प्रत्येक घराचे फडके निराळे आहे.

आता झाकणाविषयी

दोन बादल्या वापरा, असा सल्ला मी मित्रांना अनेक दिवस उत्साहाने देत होतो. एका रविवारी सकाळी रुग्णालयातून बोलावणे आले. वर्ष-सव्वा वर्षाची एक मुलगी आजोळी आली होती. घरातल्यांनी गाडी धुतली, बादलीतील पाणी ‘नंतर झाडांना घालू’ म्हणून अंगणात ठेवले आणि सारे चहाला आत गेले. आजी तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या, तेव्हा त्यांना बादलीतून वर आलेले दोन पाय दिसले.

ती वाचली. शेजारच्या घरात परिचारिका होती. तिने तत्काळ तोंडाने श्वास दिला, छातीवर दाब दिला, आणि मूल आमच्याकडे आले तेव्हा त्याचे हृदय चालू होते. तिसऱ्या दिवशी तिने आईकडे दूध मागितले. परंतु तीस वर्षांच्या व्यवसायात अशी आणखी दोन मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या वेळी शेजारी कोणी नव्हते.

यामागचे गणित प्रत्येक घराने समजून घ्यावे. वर्षाच्या मुलाची उंची सुमारे पंचाहत्तर सेंटिमीटर. वीस लिटरच्या बादलीचा काठ त्याच्या पोटाच्या पातळीला येतो. या वयात शरीराच्या मानाने डोके मोठे व जड असते. मूल चकाकते पाणी पाहायला वाकले, की डोक्याच्या भाराने आत जाते, आणि हातांत स्वतःला उचलण्याचे बळ नसते. बादली कलंडून पाणी सांडेल म्हणावे, तर दहा लिटर पाण्याचे वजन दहा किलो, म्हणजे जवळपास मुलाएवढेच. बादली हलत नाही. तोंड-नाक बुडेल एवढे चार बोटे पाणीही पुरते. नाका-तोंडात पाणी गेलेले मूल ओरडू शकत नाही, म्हणून आतल्या खोलीत काहीही ऐकू येत नाही. आणि हे सारे काही मिनिटांत संपते.

दुर्दैवाने असे घडलेच, तर मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास नसेल तर तत्काळ कृत्रिम श्वास व छातीवर दाब सुरू करावा, दुसऱ्याने १०८ वर फोन करावा. मूल शुद्धीवर येऊन हसू लागले तरी त्याला रुग्णालयात न्यावे. फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही उद्भवतो.

तेव्हापासून माझ्या सल्ल्यात एक वाक्य वाढले आहे. दोन बादल्यांची पद्धत सांगणारा माणूस प्रत्येक अंगणात भरलेल्या बादल्यांची संख्या दुप्पट करीत असतो. तेव्हा त्या रिकाम्या करण्याची जबाबदारीही त्यानेच सांगितली पाहिजे. धुताना मध्येच आत जावे लागले, तर झाकण घट्ट लावावे. काम संपताच पाणी लगेच झाडांना घालावे आणि बादल्या पालथ्या ठेवाव्यात. घरात लहान मूल नाही, असे म्हणू नये. नातवंडे सुट्टीत येतात, शेजारची मुले फाटकातून शिरतात, कामवाल्या बाईंचे बाळ अंगणातच खेळत असते.

माझ्या निळ्या गाडीवरचे जुने ओरखडे अजून तसेच आहेत. पॉलिश करून घ्यावे असे वाटले नाही. आमच्या वसाहतीतला तो तरुण मात्र आता शेवटची गाडी पुसून झाल्यावर दोन्ही डबे भिंतीशी पालथे ठेवतो आणि मला पाहिले की, लांबूनच त्यांकडे बोट दाखवितो. वाचकांनीही आज घरी गेल्यावर आपले अंगण आणि न्हाणीघर एकवार पाहावे, एवढीच प्रार्थना.