सिल्व्हरचा शेंडा

एप्रिलअखेरचा पाऊस बंगळुरात सांगून येत नाही. दिवसभर रणरणतं ऊन, चारच्या सुमारास अचानक अंधारून येतं आणि मग अर्धा तास असा वारा सुटतो की सर्जापूर रोडवरच्या दुकानांचे फ्लेक्स फाटून तारांना लोंबायला लागतात. त्या दिवशी गाराही पडल्या. आमच्या घराच्या बाजूला दोन सिल्व्हर ओक आहेत. त्यांच्या पानांची मागची बाजू रुपेरी, त्यामुळे वारा सुटला की अख्खं झाड क्षणात पांढरं होतं. मी खिडकीत उभा राहून तीच गंमत बघत होतो. तेवढ्यात कडाड्कन आवाज झाला. वीज पडली असं वाटलं, पण उजेड काही दिसला नव्हता.

गच्चीवर गेलो. जवळच्या झाडाचा शेंडा पंचवीसेक फुटांवर मोडून आडवा झाला होता. बुडाकडे एक चिरफळी अजून खोडाला धरून, मधला भाग कठड्यावर, टोकाचा फांद्यांचा पसारा गच्चीत. खाली शेजारच्या मल्याळी ताईंची, आमच्या चेचींची, येण्याजाण्याची वाट. एक डहाळी त्यांच्या घराकडे जाणाऱ्या विजेच्या तारेवर विसावलेली.

आमचं मूळ गाव कोकणातलं. भाताची जमीन भाजायला, म्हणजे भाजवळीसाठी, झाडांचे टहाळे, कवळ, तोडताना मी लहानपणी गड्यांच्या मागे हिंडलो आहे, त्यामुळे झाडाचं आपल्याला कळतं अशी एक घमेंड. नारळ सोलायचा कोयता घेऊन वर आलो आणि पहिलीच वाकलेली फांदी तोडायला हात उगारला. बायकोनं खालून हाक मारली म्हणून थांबलो. हाक चहासाठी होती.

विजेच्या तक्रारीसाठी 1912 वर फोन केल्यावर लाइनमन आला आणि त्यानं चेचींच्या घरची जोडणी सोडवली. वाट दोन्हीकडून दोर बांधून बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी होसूरकडचे चौघे आले. मुकादम साठीचा, बोलणं निम्मं कन्नड, निम्मं तमिळ. सगळे त्याला अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. अण्णा आला आणि त्यानं काहीच केलं नाही. झाडाला एक फेरी मारली, बुंध्याशी बसून माती उकरून पाहिली, गच्चीवर जाऊन मोडलेल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला, मग खाली येऊन पुन्हा तेच. तासभर तरी गेला असेल. जमलेल्यांपैकी एकानं आपल्या गाडीला दोर बांधून शेंडा ओढून काढायची तयारी दाखवली. अण्णानं त्याच्या गाडीकडे पाहिलं, मग कठड्याकडे, आणि नुसता हसला.

झाडावर कुणी चढणार नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. खोड कुठवर चिरलंय ते सालीवरून दिसत नाही. सगळं काम गच्चीवरून.

पहिली पाळी गच्चीतल्या फांद्यांची. मी जिच्यावर कोयता उगारला होता तिच्यापाशी अण्णा उकिडवा बसला. फांदी मनगटाएवढीच, पण वरच्या वजनानं धनुष्यासारखी वाकलेली. वाकलेल्या लाकडाची बाहेरची बाजू ताणलेली असते, आतली दबलेली. ताणलेल्या बाजूवर घाव बसला की सगळा ताण एकदम सुटतो. अण्णानं मला मागे सरायला लावलं, स्वतः बाजूला सरला आणि हातकरवतीनं आतल्या बाजूला बारीक बारीक चिरा देत गेला. चौथ्या-पाचव्या चिरेला फांदी सट्कन सरळ झाली आणि तिचं टोक काल माझं तोंड होतं त्या उंचीवरून गेलं. मी कोयता घरात ठेवून आलो.

जाड लाकूड आलं तेव्हा चेनसॉ बाहेर निघाला. चालू केल्यावर अण्णानं आधी उडणारा भुसा तळहातावर घेतला. पिठासारखा बारीक होता. मशीन बंद. चौघांतला पोरगा गोल कानस घेऊन बसला, साखळीचा दातन्‌दात घासला. परत चालू केल्यावर भुशाऐवजी बारीक ढलप्या उडू लागल्या, तेव्हा अण्णानं मान हलवली. बोथट साखळी जोर लावायला लावते, आणि जोर लावणाऱ्याचा तोल जातो.

त्याच पोराची मग चूक झाली. ओंडका एकीकडे कठड्यावर, दुसरीकडे उरलेल्या फांदीवर टेकलेला. दोन्ही टोकांना आधार असला की मध्ये झोळ पडतो. वरून कापत गेलं की चीर मिटत येते आणि पातं चिमटतं. त्यानं वरूनच कापत नेलं आणि पातं अडकलं. अण्णा ओरडला नाही. मशीन बंद करायला लावलं, चिरेत पाचर ठोकली, पातं सोडवलं आणि उरलेलं खालून कापलं. एकाच टोकाला आधार असेल तर उलट, आधी खालून. मी हे घरात सगळ्यांना समजावून सांगितलं. कुणी फारसं ऐकलं नाही.

आता खोड आणि कठडा यांच्यामधला पूल तेवढा उरला. आठ फूट लांब, आठ इंच जाड. ओलं लाकूड, साठेक किलो तरी असणार. सिमेंटच्या गोणीहून जड. कठड्यावर जुने टायर ठेवले, खालच्या खिडकीपुढे आमची गादी उभी केली. पुलाला बुडाकडे दोर बांधला, तो टायरवरून नेऊन जिन्याच्या खोलीच्या काँक्रीटच्या खांबाला तीन वेढे दिले. या वेढ्यांमुळे एकटा माणूस वजन तोलून धरतो. दुसरा दोर खाली अंगणात, बुंधा भिंतीवर झोकू नये म्हणून. मग अण्णानं लांब दांड्याची करवत घेऊन गच्चीतूनच त्या चिरफळीला हात घातला.

‘हिडी,’ म्हणजे धर. दोर ताठ झाला. दोन-चार ओढींतच चिरफळी तुटली, बुंधा खाली झुकला, घर किंचित हादरल्यासारखं वाटलं आणि ओंडका भिंतीपासून हातभर अंतरावर लोंबत राहिला. ‘निधाना, निधाना,’ म्हणजे सावकाश. वेढे इंच-इंच सैल होत गेले. खांबाला दोराचा काळा चट्टा पडला, तो अजून आहे.

उरलेलं खोड कापायला मात्र अण्णानं साफ नकार दिला. कर्नाटकात 1976चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. झाड आपल्या आवारातलं असलं तरी बहुतेक जाती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. महाराष्ट्राच्या शहरांत असाच कायदा त्याच्या आदल्या वर्षीचा. कागद आणा, मग बोलवा, म्हणाला.

चहाच्या वेळी त्यानं मोडलेलं बूड माझ्यापुढे ठेवलं. मधोमध बशीएवढा काळा डाग, बोट लावलं तर भिजलेल्या बिस्किटासारखा भुगा होणारा. त्याच्या कडेला फक्त दोन बोटं पांढरं, जिवंत लाकूड. एवढ्याशा लाकडाच्या जोरावर शेंडा उभा होता. ‘कुणी कापलं होतं?’ त्यानं विचारलं.

मीच. गच्चीवर सोलर बसवला तेव्हा पॅनेलवर सावली येते म्हणून दोन्ही झाडांचे शेंडे उडवून घेतले होते. ऑस्ट्रेलियातून आलेलं हे झाड कोडगूच्या कॉफीला सावली देण्यासाठी लावतात, त्यावर मिरीचे वेल चढवतात. आमच्याकडे मात्र सावलीचाच गुन्हा ठरला. शेंडा उडवला की कडेनं चार नवे कोंब फुटतात, भराभर वाढतात. जोमदार दिसतात, पण त्यांचा सांधा असतो वरवरचा, सालीलगतचा. आणि मधला उघडा काप आतून कुजत जातो. ॲलेक्स शिगो या अमेरिकी शास्त्रज्ञानं झाडं उभी चिरून हेच दाखवलं: झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती नवं लाकूड घालून ती कोंडून टाकतं. कोंडण्याजोगी असेल तर. अख्खा शेंडाच उडवल्यावर कोंडणार काय?

अण्णानं पेला खाली ठेवला आणि मान वर केली. मीही केली. दुसऱ्या सिल्व्हरवर, साधारण त्याच उंचीला, चार कोंब एका जागेवरून वर गेले होते. पॅनेलवर त्यांची सावली पडली होती.