वाचनालयाचे नूतनीकरण आणि लोकमत

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जवळजवळ दोन शतकांची आहे. रत्नागिरी येथे १८२८ साली, नाशिक येथे १८४० साली आणि पुणे येथे १८४८ साली सुरू झालेली ग्रंथालये आजही वाचकांच्या सेवेत आहेत. प्रारंभीच्या काही ग्रंथालयांच्या स्थापनेत ब्रिटिश अधिकाऱ्यांचा पुढाकार होता. परंतु पुढे ती जोपासली आणि वाढविली ती त्या त्या गावच्या नागरिकांनी. ठाणे येथे १८९३ साली वि. ल. भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करण्याच्या हेतूने ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, तेही लोकांच्याच बळावर. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मुळे या लोकप्रयत्नांना कायद्याचा आधार लाभला. अ, ब, क आणि ड अशा वर्गांत मान्यता मिळालेल्या या ग्रंथालयांची संख्या आज सुमारे ११ हजार आहे.

यांपैकी अनेक ग्रंथालयांच्या इमारती आता जुन्या झाल्या आहेत. कोठे छत गळते, कोठे भिंतींना ओल येते, तर कोठे कपाटांना वाळवी लागली आहे. त्यामुळे नूतनीकरणाचा प्रश्न वेळोवेळी उपस्थित होतो. निधी मंजूर होतो, अंदाजपत्रक तयार होते, रंगरंगोटी होते, नवे फर्निचर येते. तथापि, उद्घाटनानंतर काही महिन्यांनी वाचकांची संख्या पूर्वीइतकीच राहिल्याचे आढळले, तर कोठे चुकले असा प्रश्न संचालक मंडळाला पडतो. ज्यांच्यासाठी वाचनालय आहे त्यांना आधी विचारलेच गेले नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण असते.

एकच दालन, अनेक गरजा

वाचनालयाकडून प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असते. ज्येष्ठ नागरिकांना सकाळी वृत्तपत्रे हवी असतात आणि तीही तळमजल्यावर, जिना न चढता. शाळकरी मुलांना हाताला येतील अशा उंचीच्या मांडण्या आणि थोडेफार बोलण्याची मुभा हवी असते. गृहिणींना दुपारची वेळ सोयीची वाटते; स्वच्छतागृह नसेल तर त्या फार वेळ थांबत नाहीत. संशोधकाला जुने दिवाळी अंक व दुर्मिळ ग्रंथ सुरक्षित राहावेत असे वाटते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांना पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत शांत अभ्यासिका हवी असते. ज्या घरात एकाच खोलीत सारे कुटुंब राहते, तेथील विद्यार्थ्याला वाचनालयातील एक खुर्ची म्हणजे मोठाच आधार होय.

या सर्व गरजा रास्त आहेत. परंतु दालन बहुधा एकच असते. येथेच खरा पेच निर्माण होतो. अभ्यासिकेची मागणी करणारे तरुण दिवसभर वाचनालयात असतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे सहज ऐकू येते. बालविभागाचे टेबल हलवून तेथे अभ्यासिकेच्या खुर्च्या मांडल्या, तर तक्रार करण्यास कोणी पुढे येत नाही. मुले येईनाशी होतात, एवढेच. जे येणे थांबले त्यांचा आवाज सभेत उमटत नाही. म्हणून केवळ उपस्थितांच्या मतावर नूतनीकरणाचा आराखडा आखणे धोक्याचे ठरते.

मते कशी जाणून घ्यावीत?

‘वाचनालय सुधारावे काय?’ या प्रश्नाला सर्वजण होकारच देतात आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘आपण वाचनालयात शेवटचे केव्हा आलात? कशासाठी आलात? पुन्हा का आला नाहीत?’ असे प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात. त्यांच्या उत्तरांतून कधी बंद पडलेला दिवा पुढे येतो, कधी गैरसोयीची वेळ, तर कधी कुलूपबंद कपाट.

पहिली माहिती वाचनालयाच्या दप्तरातच असते. वर्षभराच्या देवघेव नोंदींवरून कोणत्या विषयाचे ग्रंथ किती फिरतात हे समजते. आठवडाभर दर तासाला वाचकांची मोजदाद केली, तर कोणत्या वेळी जागा अपुरी पडते आणि कोणत्या वेळी ती रिकामी असते, हेही स्पष्ट होते. दुपारी दालन रिकामे असल्यास तेच दालन दुपारी महिला व मुलांसाठी आणि पहाटे व रात्री अभ्यासिकेसाठी वापरता येते. काही तंटे भिंत बांधून नव्हे, तर वेळापत्रक बदलून मिटतात.

जे येत नाहीत त्यांच्याकडे मात्र वाचनालयानेच गेले पाहिजे. शाळा, अंगणवाडी, बचत गटांच्या बैठका, महिला सभा व ग्रामसभा ही त्यासाठी तयार व्यासपीठे आहेत. दिवसभर शेतात राबणाऱ्यांचे मत हवे असेल, तर सभा सायंकाळीच घ्यावी लागेल. कच्चा नकाशा अंदाजपत्रकापूर्वी वाचनालयाच्या दारात लावला, तर लोकांना नेमकी सूचना करता येते. काम सुरू झाल्यावर लावलेला नकाशा ही केवळ माहिती असते.

लोकमत आणि तज्ज्ञमत

प्रत्येक गोष्ट बहुमतावर सोपविता येत नाही. छताची मजबुती, विजेची जोडणी, वाळवीचा बंदोबस्त या बाबी तज्ज्ञांच्याच आहेत. कपाटे भिंतीला चिकटवून ठेवल्यास ओल ग्रंथांपर्यंत पोचते आणि थेट उन्हाने कागद पिवळा व ठिसूळ होतो, हे ध्यानात घेऊनच मांडणी करावी लागते. अपंग व्यक्तींचा प्रवेश सुलभ करणे हा तर मतांचा विषयच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ती जबाबदारी आहे. त्याचप्रमाणे जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन करताना दुर्मिळ ग्रंथ रद्दीत जाणार नाहीत, याची खबरदारी जाणकारांकडून घ्यावी लागते.

निधीचाही विचार आरंभीच झाला पाहिजे. राज्याच्या १९७० च्या नियमांत इमारत व साधनसामग्रीसाठी साहाय्यक अनुदानाची तरतूद आहे. केंद्र शासनाने १९७२ साली कोलकाता येथे स्थापन केलेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्याही साहाय्य योजना आहेत. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी आधी विचारविनिमय केल्यास कोणते काम कोणत्या योजनेत बसते हे कळते आणि लोकांना अवास्तव आश्वासने दिली जात नाहीत.

उत्तर देण्याची जबाबदारी

मते मागविल्यानंतर मौन पाळणे हे न विचारण्यापेक्षाही वाईट होय. आलेल्या प्रत्येक सूचनेपुढे ‘मान्य’, ‘पुढील टप्प्यात’ किंवा ‘शक्य नाही’ असा शेरा कारणासह लिहून ती यादी सूचना फलकावर लावावी. आपली मागणी का नाकारली गेली हे समजलेला वाचक नाराज होईल, पण दुरावणार नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत ग्रंथाइतकेच वाचकालाही स्थान आहे. इमारतीच्या दुरुस्तीतही तोच विचार राहिला पाहिजे. नूतनीकरणाचे यश नव्या रंगावरून ठरत नाही. पूर्वी उंबऱ्यापासून परतणारी मुलगी आता आत येऊन हाताने पुस्तक काढते की नाही, यावरून ते ठरते. संचालक मंडळे, शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी एवढी एक कसोटी नजरेसमोर ठेवली, तर खर्च झालेला पैसा सार्थकी लागेल.