सीझियम साल सांगतं, मालक नाही

समजा, तुम्ही फ्रान्समधल्या बोर्दोत जुनी वाइन घ्यायला गेलात. लेबलवर साल 1934, नाव मात्र व्यापाऱ्याचं. द्राक्षं कोणाच्या मळ्यातली, याचा पत्ताच नाही. लगेच फसवणूक समजू नका. तिथले व्यापारी पूर्वापार मळेवाल्यांकडून पिंपं विकत घेत आणि आपल्या नावाने बाटल्या भरत. बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांनी 1924 मध्ये आपली सगळी वाइन मळ्यातच बाटलीबंद करायला घेतली, तेव्हा ते वेगळं पाऊल होतं.

मग तपासायचं कसं? बोर्दोचे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप ह्यूबेर यांनी बाटली न उघडता सीझियम-137 चे गॅमा किरण मोजले. हे समस्थानिक निसर्गात जवळपास नसतंच. अणुचाचण्यांनंतर ते हवेत पसरलं, तिथून द्राक्षांत आलं. म्हणजे '1934' च्या बाटलीत ते सापडलं, तर लेबलवरचं साल खोटं.

आणि नाही सापडलं तर? तर वाइन तेवढी जुनी असू शकते, इतकंच. 1934 ची की 1937 ची, ते कळत नाही. मळा कोणाचा, हे तर मुळीच नाही.

मी पहिल्या सिनॉप्सिसमध्ये नेमकी हीच गल्लत केली होती: उपकरण एक मोजत होतं, निष्कर्ष मी भलताच लिहिला होता. तुम्ही लिहायला बसाल तेव्हा आधी स्वतःला विचारा, ही मोजणी नक्की कोणती शक्यता खोडते? जी खोडली नाही, तिच्यावर दावा करू नका. वाइन घेणाऱ्यानेही सिद्ध न झालेल्या मळ्याचे पैसे मोजू नयेत.